सालीचे गुलाब

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातलं संत्रं हिसकावून घेतलं.

रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून मी वर्ध्याहून जबलपूरला आले होते. कांचघर नावाच्या वस्तीत एका दुमजली घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने मिळाली होती. सामान वर टाकलं आणि आईने पिशवीत घातलेल्या संत्र्यांतलं एक काढून जिन्याच्या वरच्या पायरीवर सोलायला बसले. घरमालकीण काकू पाण्याचा जग घेऊन वर येत होत्या. माझ्या हातांकडे लक्ष जाताच त्या मधल्या पायरीवरच थबकल्या.

“काहून लचके तोडून राहिली त्याचे? कुत्रा फाडते का असं?”

मी काही म्हणायच्या आत संत्रं त्यांच्याकडे गेलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, “गेलं वाया,” म्हणाल्या आणि माझ्या पिशवीतलं दुसरं उचललं. त्यांच्या कमरेला एक छोटा चाकू खोचलेला होता. तो देठापाशी टेकला आणि संत्रं फिरू लागलं. चाकू जागच्या जागीच होता, फिरत होतं ते संत्रं. अरुंद, अखंड, लांबच लांब साल पायरीवर उतरत गेली. तिचं एक टोक धरून त्यांनी ती बोटांत गुंडाळत नेली, तळाशी दाबली आणि माझ्या तळहातावर ठेवली. गुलाब होता. पाकळ्यांच्या कडा बाहेर वळलेल्या आणि मधली कळी मिटलेली.

मी त्याच्याकडे बघत होते तेवढ्यात त्यांनी ते सोललेलं संत्रं कठड्यावरून खाली भिरकावलं. गल्लीत एक गाय उभी होती. तिला बहुतेक सवय असावी, कारण तिने वर बघून तोंड आधीच उघडलं होतं.

“अहो काकू, मला खायचं होतं ते!”

“फोडी कुठंही भेटतात,” त्या म्हणाल्या. “साल पाहा.”

त्या घरात मी जेवढा काळ राहिले, त्यातला बराचसा असाच तोंड उघडं ठेवून गेला.

काकू एकट्या राहायच्या. साठी उलटलेली असेल. ठेंगण्या, काटक, केस मागे घट्ट बांधलेले, बोटं मात्र लांब आणि कायम पिवळसर. हात कितीही धुतले तरी त्यांच्या अंगाला मोसंबीचा वास यायचा. माहेर मूळचं अमरावतीकडचं, पण जन्म जबलपूरचा. वडील छावणीतल्या अफसरांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. तिथल्या एका म्हाताऱ्या खानसाम्याने लहानपणी त्यांना हे शिकवलं, असं त्या सांगायच्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर “कोणी शिकवलं? कोणीच नाही. आपोआप येते,” असंही सांगायच्या. दोन्ही वेळा तितक्याच खात्रीने.

फळवाल्याकडे त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. त्या फळ दाबून बघायच्या नाहीत, वास घ्यायच्या नाहीत, गोड आहे का विचारायच्या नाहीत. एकेक मोसंबी उन्हात धरून सालीवर डाग शोधायच्या. फळवाला भैया वैतागून म्हणायचा, “माताजी, अंदर से एकदम मीठी है.” काकू म्हणायच्या, “अंदर का तू रख ले.” आणि एकदा खरंच त्यांनी त्याच्यासमोर सात-आठ मोसंब्या सोलल्या, साली पिशवीत घातल्या आणि फोडी त्याच्याच गाड्यावर ठेवून चालू लागल्या. तो आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

सालींच्या जातीही त्यांनी ठरवून टाकल्या होत्या. मोसंबी शिस्तीची, सांगाल तशी वळते. संत्र्याची साल सैल, लाडावलेली. टमाटरची नाजूक, तिच्यावर ओरडायचं नाही. टरबुजाची साल म्हणजे मजूर माणूस, काहीही काम द्या. केळीवर मात्र त्यांचा राग होता. “बेइमान आहे. घडीभर ठेवली का काळी पडली.” आणि सोलताना साल मध्येच तुटली तर ती जोडायची नाही, हा नियम. काडी खोचून जोडता येते, कोणाला दिसतही नाही. पण त्या तो तुकडा टाकून द्यायच्या.

घरात साधी खिचडी असली तरी ताटात सालीचं काहीतरी असायचंच. मला ताप आला तेव्हा त्यांनी भाताची पेज आणून दिली, तिच्यावर काकडीच्या सालीचं पान तरंगत होतं. मी ते चमच्याने बाजूला सारून कपाळाला हात लावला. त्या समाधानाने म्हणाल्या, “बाजूला ठेवलं. चांगली आहे तू.”

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. लग्नांत त्या टेबलामागे उभ्या राहून हेच बघत असतात. कोणी फूल उचलून नीट बाजूला ठेवतं. कोणी मुलांना दाखवतं. आणि कोणी न बघता फुलावरच वरण ओततं. “त्याच्या घरी पोरगी देऊ नये,” काकू म्हणाल्या. “बाकी काही पाहायची गरज नाही.”

लग्नांत म्हणजे, कॅटररवाले त्यांना बोलवायचे. सलादच्या टेबलावर टरबुजाचे हंस, पपईच्या सालीची पानं, मोसंबीचे गुलाब करून ठेवायला. त्या वाटलं तर जायच्या, नाही वाटलं तर नाही. एकदा कॅटररच्या पुतणीने मोबाइल पुढे धरून विचारलं, “आंटी, आपकी रील बना लूँ? वायरल हो जाओगी.” काकूंनी तिच्या मोबाइलच्या काचेवर मोसंबीची साल पिळली. त्या मुलीची किंकाळी अख्ख्या मंडपात ऐकू गेली. डोळ्यांतही थोडं गेलं होतं. मी माफी मागत फिरले. काकू हंसाची मान कोरत होत्या.

पण खरा धक्का मला शेजारच्या तेरवीला बसला. शेजारचे म्हातारे आजोबा वारले होते. तेरवीच्या स्वयंपाकाला काकू मदतीला गेल्या. पानं मांडली गेली, लोक बसले आणि बघतात तर प्रत्येक पानात खिरीच्या वाटीशेजारी मोसंबीच्या सालीचं कमळ. बसलेल्या माणसांचे हात तसेच राहिले. आजोबांचा मोठा मुलगा लाल झाला. “काकू, ही काय बारात आहे का? इथं माणूस गेलाय आमचा!”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काकू वाढण्याचं भांडं हातात घेऊन तशाच उभ्या. “माणूस गेला म्हणूनच नं,” त्या म्हणाल्या. “त्याचं शेवटचं जेवण उघडंबोडकं वाढू काय? जिवंतपणी कोण सजवून वाढलं होतं त्याला?”

तेव्हा आतल्या खोलीच्या दारातून आजोबांच्या मागे राहिलेल्या आजी म्हणाल्या, “राहू दे रे. राहू दे ते.” मग जेवणं झाली. पण काकूंशी त्या घरातलं कोणी पुढे बरेच दिवस बोललं नाही, आणि काकूंच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एका माणसाचा फोटो होता. चाळिशीच्या आसपासचा, रुंद कपाळाचा, उजव्या भुवईत पांढऱ्या केसांचा एक झुबका. फोटोला हार होता, तोही संत्र्याच्या वाळवलेल्या सालींच्या चकत्या ओवून केलेला. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, “माझे मालक. फॅक्टरीत होते. परिक्रमेला म्हणून गेले, नर्मदामाईने ठेवून घेतले.”

गल्लीत सगळ्यांना ही गोष्ट माहीत होती. फॅक्टरीतून रजा काढून ते नर्मदेच्या परिक्रमेला निघाले आणि परतलेच नाहीत. घाटाघाटांवर शोध झाला. काही सापडलं नाही. मूलबाळ नव्हतं. तिथी माहीत नाही म्हणून काकू दरवर्षी सर्वपित्रीला त्यांचं श्राद्ध करत, आणि कावळ्याचं पान गच्चीवर, माझ्या खोलीच्या दारासमोर ठेवत. मी आले त्या वर्षी ते पान बघितलं होतं. वडे, खीर, कढी, अळूची भाजी आणि पानाच्या चारी बाजूंनी गुलाबांची वेल. इतकं सुंदर ताट मी कोणत्या जिवंत माणसापुढे बघितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी सर्वपित्रीला मी ऑफिसातून सुट्टी काढून घरीच होते. दुपार व्हायला आली होती. खाली गुरुजींचं आटोपत आलेलं. पान गच्चीवर ठेवलेलं होतं, पण कावळा येत नव्हता. तेवढ्यात फाटक वाजलं. काकू स्वयंपाकघरात होत्या म्हणून मी गेले.

दारात एक म्हातारा गृहस्थ उभा होता. पांढरा कुर्ता, हातात कापडी पिशवी, घामाघूम. “घरी आहेत का?” त्याने विचारलं. मी “कोण आपण?” म्हणणार, इतक्यात माझी नजर त्याच्या भुवईवर गेली. उजव्या भुवईत पांढऱ्या केसांचा झुबका.

मी मागे सरकले. माझ्या पाठीमागे भिंतीवर फोटो होता आणि समोर तो माणूस. कपाळ तेच, कानही तेच. पाटावर बसलेल्या गुरुजींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि त्यांच्या हातातली पळी ताम्हनात पडली.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. ओले हात पदराला पुसत होत्या. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं. मला वाटलं, आता किंचाळतील, कोसळतील, काहीतरी होईल. मी धरायला पुढेसुद्धा झाले.

“बसा,” काकू म्हणाल्या. “कावळा अजून आला नाही.”

गुरुजींच्या तोंडून कसंबसं निघालं, “ताई, हे... हे कोण?”

“ज्यांचं चालू आहे तेच.”

तो माणूस खुर्चीच्या कडेवर टेकला. समोर दर्भ, तीळ, पिंड. त्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

“म्हणजे खरंच करून राहिली तू हे,” तो म्हणाला. “मला वाटलं लोक उगाच बोलतात.”

“दरवर्षी करते.”

“मी जिवंत आहे!”

“माहीत आहे मला,” काकू म्हणाल्या.

हे ऐकलं आणि मी खालीच बसले. माहीत आहे? तो मेला नाही हे त्यांना माहीत होतं, आणि तरी हा हार, हे पिंड, गच्चीवरचं ते पान?

माणूस रागावला होता, पण आवाजात विनवणी होती. हळूहळू सगळं बाहेर आलं. तो परिक्रमेला कधी गेलाच नव्हता. आधी कटनीकडे राहिला, आता बरीच वर्षं जबलपूरजवळच्या पनागरला होता. तिथे त्याचं दुसरं घर होतं, मटाराची शेती होती. बायको होती आणि एक मुलगी. मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगा जबलपूरचाच. आणि मुलाचा मामा निघाला त्याच फॅक्टरीतला. त्याने मुलीच्या बापाचं नाव ऐकलं आणि घरी जाऊन सांगितलं की या नावाचा माणूस तर केव्हाच नर्मदेत गेला, कांचघरात त्याची बायको दर सर्वपित्रीला श्राद्ध घालते. मामा त्याला ओळखत नव्हता, वेगळ्या सेक्शनमधला. पण नाव-आडनाव एकच. मुलाकडचे म्हणू लागले, हा कोण भामटा आहे ते आधी कळू द्या, मग लग्नाचं बघू.

“माझ्या पोरीचं लग्न मोडून राहिलं आहे तुझ्या या श्राद्धापायी,” तो म्हणाला. “ते लोक परवा इथं येणार आहेत विचारायला. तू त्यांना सांग, मी जिवंत आहे म्हणून. एवढं सांग.”

काकूंनी विचारलं, “पोरगी केवढी आहे?”

“कॉलेज झालं यंदा.”

काकूंनी पाटावर सांडलेले तीळ बोटाने गोळा केले. मग म्हणाल्या, “सांगते. सांगते का हे जिवंत आहेत, हे माझे मालक, अग्नीसमोर माझ्याशी लगीन लागलं यांचं. चालेल? मग तुमच्या तिथली ती कोण होते? अन् पोरगी कोण होते? मामा विचारेलच नं.”

त्याने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. एवढी वर्षं दोन घरांचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला हे सुचलंच नव्हतं, याचं मला त्याच्या येण्याइतकंच आश्चर्य वाटलं. गुरुजी उठले. पंचा सावरत दाराकडे जाऊ लागले.

“गुरुजी,” काकू म्हणाल्या, “काय पाहिलं तुम्ही?”

“मी... काही नाही, ताई. मी काही पाहिलं नाही.” आणि ते न जेवताच गेले. चप्पल हातात घेऊन.

काकूंनी त्या माणसापुढे ताट वाढलं. वडे, भात, कढी, भाजी. तो नको नको म्हणत होता, पण त्यांनी पाट मांडला आणि तो बसला. दोन घास खाल्ल्यावर त्याने ताटाकडे पाहिलं.

“फूल नाही आज?” तो म्हणाला. “तुझं ते सालीचं खूळ गेलं वाटते.”

“नाही गेलं,” काकू म्हणाल्या. “वर ठेवलं आहे गच्चीवर. तुमच्यासाठीच केलं होतं.”

त्याने घास खाली ठेवला. मग हात धुतले, पिशवी उचलली आणि दारात जाऊन उभा राहिला. “परवा,” एवढंच म्हणाला. काकूंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नसावं. मलाही कळलं नाही.

तो गेल्यावर मी त्यांना जवळजवळ ओरडूनच विचारलं, “काकू, तुम्हाला माहीत होतं? केव्हापासून?”

त्या जमिनीवर बसून पितळी भांडी गोळा करत होत्या. पनागरला एका लग्नात सलादच्या कामाला गेल्या होत्या, त्यांनी सांगितलं. पंगत बसली होती. त्या दिवशी प्रत्येक ताटात त्यांनी एकेक गुलाब ठेवला होता आणि मागे उभ्या राहून बघत होत्या. तर तिसऱ्या ओळीत हा. शेजारी एक बाई, मांडीवर झोपाळलेली लहान पोरगी.

“काय केलं मग तुम्ही?”

“पाहत राहिली.”

“आणि त्याने?”

“फुलावर वरण ओतलं,” काकू म्हणाल्या. “पाहिलंही नाही खाली. आधीही असेच जेवत होते. बदलले नाहीत.”

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

“त्या वर्षापासून श्राद्ध घालून राहिली मी,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आधी नव्हती घालत. आधी वाट पाहत होती. रोज दोन पानं घ्यायची मी, माहीत आहे? दोन. लोक म्हणत, गेला तो, कुंकू पुस. मी म्हणायची, येतील. जिवंत दिसले त्या दिवशी घरी आली, कुंकू पुसलं, फोटोला हार घातला.”

त्या उठल्या आणि भांडी घेऊन मोरीकडे गेल्या. मी गच्चीवर गेले. पान रिकामं होतं. कावळा कधी येऊन गेला, कोणाला कळलंच नव्हतं. गुलाब मात्र तसेच होते.

दोन दिवसांनी मुलाकडचे येणार त्या सकाळी काकू वर आल्या आणि फोटो माझ्या हातात दिला. “तुझ्या पेटीत ठेव, कपड्यांच्या खाली.” मी खाली आले तर भिंतीवर त्याच खिळ्याला, त्याच सालींच्या हारात दुसराच माणूस लटकत होता. भरघोस मिशा, डोक्याला फेटा, छाती पुढे काढलेली.

“काकू, हे कोण?”

“माझे बाबा.”

“पण ते लोक...”

“त्यांना काय माहीत? जवानीतला फोटो आहे. आता गप बस अन् चहाला ठेव.”

साखर घालताना माझ्याकडून निम्मी ओट्यावर सांडली. मुलाची आई आणि मामा आले. मामा शहाणासुरता, नम्र माणूस होता. त्याने अवघडत विचारलं, “ताई, माफ करा, पण नावाचा घोळ झाला आहे. पनागरला त्याच नावाचे एक गृहस्थ आहेत. तुमचे ते आणि हे...”

काकूंनी भिंतीकडे बोट दाखवलं. “हे माझे मालक.”

मामाने मेसमधल्या स्वयंपाक्याला मनोभावे नमस्कार केला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड ओठ दाताखाली धरून उभी होते.

“पनागरवाले आले होते माझ्याकडे,” काकू पुढे म्हणाल्या. “मी पाहिलं त्यांना. वेगळे आहेत. माझे मालक गेले. त्या गृहस्थांना मी ओळखत नाही.” मग ताटली पुढे सरकवत, “पोरगी चांगली आहे म्हणतात. करून टाका लगीन.”

मुलाची आई हसली, तिने काकूंचे हात धरले. ताटलीतल्या चिवड्याच्या कडेला एक मोसंबीचा गुलाब होता. तिने तो उचलला, निरखून पाहिला आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवला. काकूंचे डोळे त्यावरून हलेनात. ते लोक गेल्यावर त्या म्हणाल्या, “सासू चांगली आहे. पोरगी सुखी राहील.”

मला वाटलं इथे संपलं. पण लग्नाच्या आदल्या आठवड्यात काकूंनी मला सांगितलं की त्या पनागरच्या त्या लग्नाला जाणार आहेत. सलादच्या कामाला. कॅटरर त्यांचाच नेहमीचा होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने विचारलं आणि यांनी हो म्हटलं.

“काकू, असं कसं जाल तुम्ही? कशाला?” मी म्हटलं.

“काम आहे म्हणून.”

“काही बोलाल तिथं?”

“मी कामात बोलते का कधी?”

त्यांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती. रविवार होता, मीही गेले. दुपारचं लग्न होतं, शाळेच्या मैदानावर मंडप. काकू पहाटेपासून कोरत होत्या. टरबुजाचे हंस झाले, पपईची पानं झाली. मग त्यांनी मोसंब्या घेतल्या. मी फक्त बघत होते. एकही साल तुटली नाही.

मुहूर्त लागला. अक्षता पडल्या. मुलगी बापावर गेली होती, तेच रुंद कपाळ. जेवणं सुरू झाली तशी सलादच्या टेबलापुढे गर्दी झाली. मुलीची आई स्वतः पाहुण्यांना घेऊन आली. साधी, घामेजलेली, आनंदाने भांबावलेली बाई. “दीदी, किती सुंदर केलं हो,” ती काकूंना म्हणाली. “माझी पोरगी म्हणते, मला घरी न्यायचे आहेत हे गुलाब.” काकूंनी एका द्रोणात ओला रुमाल अंथरून त्यात गुलाब मांडून दिले. “पाणी शिंपडत राहा. उद्यापर्यंत राहतील,” म्हणाल्या. ती गेली.

मग तो आला.

त्याने लांबूनच काकूंना ओळखलं असावं, कारण तो येताना दोनदा थांबला. लाल फेटा, खांद्यावर शेला, डोळे भरलेले. गर्दीतून वाट काढून तो टेबलाच्या अगदी समोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले. ओठ हलत होते. आता हा त्यांचं नाव घेणार, काहीतरी म्हणणार, आणि मागे मामा उभा आहे, सासू उभी आहे, सगळं पनागर उभं आहे.

काकूंनी मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं, समोर येणाऱ्या कोणाकडेही पाहतात तसं.

“भैया,” त्या म्हणाल्या, “ज़रा साइड हो जाइए. पीछे लोग खड़े हैं.”

त्याचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. तो बाजूला झाला. मागची बाई रिकामी प्लेट घेऊन पुढे सरकली.

“खीरा दूँ, जी?” काकडीच्या चकत्या उचलत काकूंनी तिला विचारलं.